खुर्चीचं लिहून घ्यायचं राहिलं

६ जानेवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. कुणालाही दाखवायची नाही. पण मोठ्या माणसांची असते, तशी आपलीही असावी.

कारणही तसंच आहे. मोठ्या कंपनीचा फोन आला होता. 'दुसरा डाव' विकत घ्यायचा विचार आहे म्हणाल्या एक मॅडम. व्हिडिओ गेमची आपली सगळीच्या सगळी नऊ दुकानं. मी अजिबात हुरळलो नाही. विचार करून कळवतो असं म्हणालो, आणि फोन ठेवायच्या आत हो म्हणून टाकलं.

संकल्प: गेम खेळायला शिकणे. नऊ दुकानांच्या मॅनेजिंग डायरेक्टरला पहिली लेव्हल पार करता येत नाही, हे सध्या फक्त बायकोला माहीत आहे. तिने कुणाला सांगितलं नसावं.

७ जानेवारी

कंपनीने 'आमची वाटचाल' म्हणून दोन पानं मागितली आहेत. लिहायला बसलो. पहिला शब्द 'मी'. जमला.

'मी एका छोट्याशा दुकानातून सुरुवात केली.' आता काटेकोरपणे बघायचं तर ते दुकान भावोजींचं. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं. भावोजी गेल्यावर ताई नुसतीच तिथे जाऊन बसायची. एकदा शेजारचा शिंपी बंद पडलेलं गेमचं मशीन घेऊन आला. ताईने ते उघडलं, साफ केलं, आणि नीट चालतंय का बघायला खेळत बसली. शिंपी तिच्या मागे उभा राहून तिला डावीकडे जा, उजवीकडे जा सांगत होता. तिथून सुरू झालं. लोक जुने गेम आणून द्यायला लागले, बदल्यात दुसरे न्यायला लागले.

ताईचा नियम एकच. जुना गेम परत घ्यायच्या आधी गिऱ्हाइकासमोर स्वतः दहा मिनिटं खेळून बघणार. तोवर गिऱ्हाईक तिला अक्कल शिकवणार, ती त्याला गप्प बसवणार, आणि जाताना ते हमखास आणखी एखादा गेम घेऊन जाणार. प्रत्येक नव्या दुकानात तिने अशी एक खेळायची खुर्ची ठेवायला लावली आणि तिच्यावर माणूस बसवला.

मी तेव्हा विम्याच्या ऑफिसात होतो. तिसरं दुकान निघालं तेव्हा आलो. बोर्डाची आयडिया माझी. निळे दिवे, तिरकी अक्षरं. लोक बोर्ड बघूनच आत येतात हे माझं पहिल्यापासूनचं मत.

'मी' तसाच ठेवला. ताईसाठी 'कौटुंबिक पाठिंबा' असं लिहिलं. पुरे आहे.

११ जानेवारी

सराव. पडद्यावर एक बुटका माणूस पळतो, समोर खड्डा येतो, त्यावरून उडी मारायची. इतकंच. पडलो. बटण कडक आहे.

१३ जानेवारी

नवीन मशीन आणलं. बटण मऊ आहे. पडलो. खड्डाच रुंद केलेला असणार.

१९ जानेवारी

उद्या त्या मॅडम पहिलं दुकान बघायला येणार.

अडचण ताईची आहे. ती दिवसभर भावोजींच्या लाकडी खुर्चीत बसते. खुर्चीच्या एका हाताला चिकटपट्टी, वर भरतकाम केलेली उशी. अंगात कोपरावर झिजलेला स्वेटर. एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर. आणि खेळताना तोंड सतत चालू. समोर राक्षस आला तर त्याला 'मेल्या, सरक की' म्हणते. गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणतात. आपली माणसं आहेत ती, त्यांचं ठीक आहे. पण कंपनीच्या लोकांसमोर हे कसं दिसेल? मला तिची लाज वाटते. लिहिलं की हलकं वाटतं म्हणतात. काही हलकं वाटलं नाही.

युक्ती काढली. ताईला सांगितलं, आमच्या घरचा नळ गळतोय, उद्या प्लंबर येणार, घरी कुणी नाही. ती लगेच येते म्हणाली. दुकानाची किल्लीही देऊन गेली.

२० जानेवारी

भेट उत्तम झाली. मोठ्या व्यवहारात नावं लिहू नयेत, म्हणून त्यांना टॅबवाल्या मॅडम म्हणू. हातात सतत टॅब.

बोर्डाकडे त्यांनी बघितलंच नाही. मी दिवे दोनदा बंद करून चालू केले. तरी नाही. थेट खुर्चीपाशी गेल्या आणि विचारलं, इथे कोण बसतं? मी म्हटलं, वेटिंगसाठी आहे. त्या म्हणाल्या, आमची माणसं मागे गिऱ्हाईक बनून येऊन गेली, तेव्हा इथे एक बाई खेळत होत्या. मी म्हटलं, त्या अधूनमधून येतात.

अधूनमधून! भावोजी गेल्यापासून ती एक दिवस चुकली नाही. आज चुकली, आणि तेसुद्धा माझ्यामुळे.

तेवढ्यात एक पोस्टमन डिस्क घेऊन आला. मावशी कुठेत, त्याने विचारलं. नाहीत म्हटल्यावर मग उद्या येतो म्हणून निघून गेला. पाठोपाठ एक नर्स आली, तीही तशीच गेली. मॅडमनी टॅबवर काहीतरी लिहिलं. बहुधा गर्दी चांगली आहे असं असेल.

संध्याकाळी घरी गेलो तर ताईने माझ्या सगळ्या शर्टांची सैल बटणं घट्ट लावून ठेवली होती. वाट बघता बघता, म्हणाली. निघताना दारात चपला घालत एवढंच म्हणाली, की तुमचा नळ छान चालतोय रे, छोट्या. आणि गेली.

एकावन्नाव्या वर्षी मला छोट्या म्हणणारी एकटी तीच उरली आहे. जेवण गेलं नाही.

२२ जानेवारी

ताईला व्यवहाराचं सगळं समजावलं. कंपनीला नऊच्या नऊ जागा दहा वर्षांसाठी हव्यात. आठ भाड्याच्याच आहेत. पहिल्या दुकानाची जागा मात्र ताईच्या नावावर, त्यामुळे सही तिचीही लागणार. तिने बाकी काहीच विचारलं नाही. फक्त एक.

"मी इथेच बसणार ना?"

मी म्हटलं, अगं म्हणजे काय, लिहूनच घेतो तसं. तुझं दुकान, तुझी खुर्ची, तुला वाटेल तोवर. ती म्हणाली, तू बोललास, बास झालं.

संकल्प: मीटिंगमध्ये पहिलं वाक्य खुर्चीचं. आरशासमोर तालीम सुरू केली. बायकोने बाहेरून विचारलं, आत कोण आलंय.

३ फेब्रुवारी, रात्री उशिरा

मीटिंग झाली. सविस्तर लिहायला हवं. नको वाटतंय.

काचेच्या भिंती. चाकांच्या खुर्च्या, बसलं की मागे जातात. मी जरा जास्तच मागे गेलो. मोठे साहेब दिलखुलास. म्हणाले, कामाच्या आधी एक डाव होऊन जाऊ दे, तुम्ही तर यातले जुने खेळाडू. भिंतीएवढा पडदा लागला. तोच बुटका माणूस.

पहिल्याच खड्ड्यात पडलो. हसलो. सगळे हसले. पुन्हा पडलो. या वेळी मीच हसलो. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा कुणीतरी खोकलं, आणि टॅबवाल्या मॅडमनी हळूच माझ्याजवळ येऊन कुठलं बटण ते दाखवलं. तरी पडलो. साहेब म्हणाले, जाऊ द्या, चहा घेऊ.

मग मॅडमनी विचारलं, तुमच्याकडून काही अट?

हीच ती वेळ. तोंड उघडलं. आणि डोळ्यांपुढे ती चिकटपट्टी लावलेली खुर्ची आली. आताच भिंतीएवढ्या पडद्यावर तोंडघशी पडलेल्या माणसाने, एवढ्या गुळगुळीत टेबलावर, बहिणीच्या उशीवाल्या खुर्चीचं कसं काढायचं? सगळे वाट बघत होते. मी म्हणालो, पदाचं नाव इंग्रजीत असावं.

त्यांनी लगेच लिहून घेतलं. चीफ ॲडव्हायझर.

घरी येऊन शांतपणे विचार केला. खुर्ची ही फार किरकोळ बाब आहे. अशा गोष्टी तोंडीच होत असतात. शिवाय मी विचारलंच नाही, तर नकार तरी कुठे मिळाला? म्हणजे गोष्ट अजून हातातच आहे.

५ फेब्रुवारी

ताईने विचारलं, बोललास का. मी मान हलवली. याला खोटं बोलणं म्हणता येणार नाही. मान कुठल्या बाजूने हलली ते तिने ठरवलं.

१८ फेब्रुवारी

सह्या झाल्या. समारंभ आटोपशीर. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

ताईची पाळी आली. तिने डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला, नाकावरचा डोक्यावर. पानं चाळली. मग माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाली, "खुर्चीचं कितव्या पानावर आहे?"

"आहे आत," मी म्हणालो.

तिने चष्मा काढला आणि न वाचता सही केली.

मग फोटो. ताईमुळे मागचा कंपनीचा बोर्ड झाकला जात होता, म्हणून फोटोवाल्याने तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं. ती झाली. आणखी जरा म्हणाला. आणखी झाली. मी हसून पुढे बघत होतो. फोटोत मी चांगला आलोय. ताईच्या स्वेटरची बाही आली आहे.

२ मार्च

व्हिजिटिंग कार्डं आली. जाड कागद. एक बायकोला दिलं. तिने ते फ्रिजवर लावलं, वर वाणसामानाची चिठ्ठी.

केबिनबद्दल ऑफिसात विचारलं. ॲडव्हायझरला टेबल नसतं, गरज लागली की बोलावू म्हणाले. म्हणजे वेळेचं बंधन नाही. मोठ्या पदाचं हेच असतं.

संध्याकाळी मॅडमचा फोन. पहिलं दुकान फारच लहान आहे, ते याच महिन्यात बंद करून तिथे गोडाऊन करणार. कपाटात मांडायची रिकामी खोकी ठेवायला. मी म्हणालो, छान.

का म्हणालो छान? तोंडातून निघून गेलं.

संकल्प: उद्या ताईला सांगणे.

३ मार्च

ताईला सर्दी. आजारी माणसाला असं काही सांगू नये.

५ मार्च

सर्दी बरी. दुकानात गर्दी. चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नाही.

९ मार्च

आज सांगायचंच म्हणून दुकान बंद व्हायच्या वेळी गेलो. ताई एकटीच होती, आणि भलतीच खुशीत. म्हणाली, ये, बस, तुझा तो खड्डा दाखव. बायकोने सांगितलं असणार. मला तिने स्वतःच्या खुर्चीत बसवलं, स्वतः मागे उभी राहिली. पडलो. तिला काय चुकतंय ते लगेच दिसलं. तू लांबूनच घाबरतोस आणि आधीच उडी मारतोस, म्हणाली. अगदी कडेला जा. पडेन असं वाटलं की मग मार.

गेलो कडेला. मारली. पार!

ताईने टाळी वाजवली. लहानपणी मी सायकलवर पहिल्यांदा न पडता गेलो तेव्हा वाजवली होती, तशीच. अशा वेळी कसं सांगणार? मीच काय, कुणीही सांगितलं नसतं.

१४ मार्च

फोनवर सांगावं, बरं पडेल. लावला. हॅलो म्हणाली. मी रेंज नाही, रेंज नाही असं ओरडून बंद केला. रेंज भरपूर होती.

१७ मार्च

बायकोला सुचवलं, की बाईमाणूस बाईमाणसाशी जास्त नीट बोलू शकतं. ती म्हणाली, बहीण माझी नाही, तुझी आहे. आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

२० मार्च

उद्या नक्की. कपडे काढून ठेवले.

२१ मार्च

आंघोळीला जात होतो तेव्हा ताईचा फोन आला. म्हणाली, अरे छोट्या, इथे बोर्डवाला शिडी लावून चढलाय, काढायला पाठवलंय म्हणतो. चुकीच्या दुकानात आलाय ना हा? मी म्हणालो, थांब, मी येतो. आणि लांबच्या रस्त्याने गेलो.

पोचलो तेव्हा बोर्ड फुटपाथवर उभा करून ठेवला होता. निळ्या दिव्यांच्या वायरी भिंतीवर लोंबत होत्या. दोन माणसं आत रिकामी खोकी नेत होती. आणि ताई खुर्चीत बसून खेळत होती. शेजारचा शिंपी एक जुना गेम परत द्यायला आला होता, त्याची दहा मिनिटं चालू होती. ती तिने पुरी केली. डिस्क नीट आहे म्हणून त्याला सांगितलं. शिंपी माझ्याकडे न बघता बाहेर गेला. मग तिने दोन्ही चष्मे काढले.

"तुला कधीपासून माहीत?"

"दोन तारखेपासून."

"आणि खुर्चीचं?"

"बोललोच नाही मी. त्यांनी विचारलं होतं. मी पदाचं नाव मागितलं."

रागावेल असं वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. ती उशीवरची धूळ झटकत बसली. मग म्हणाली, "मला सांगायचं होतंस रे. मी सही तरीही केली असती. तुला हवं होतं म्हणून."

उशी काखेत मारली आणि गेली. खुर्ची तिथेच राहिली. हमालाने विचारलं, हिचं काय करायचं. त्याने तिच्यावर खोकी रचली.

घरी येईपर्यंत कुणी ओळखीचं भेटू नये असं वाटत होतं. भेटलंही नाही.

३० मार्च

ताई बोलत नाही असं नाही. मी फोन करत नाही. तिला थोडा वेळ द्यायला हवा.

१२ एप्रिल

बायकोकडून कळलं. ताईने कंपनीच्या मॉलमधल्या दुकानात नोकरी धरली. आपलंच सातवं दुकान ते. रांगेत उभं राहून अर्ज केला, मुलाखत दिली. चीफ ॲडव्हायझरला कुणी विचारलंही नाही. बायकोने तिला म्हटलं, आता या वयात कशाला? तर ताई म्हणाली, मग काय घरी भिंतीशी खेळू?

कंपनीच्या दुकानात खुर्ची नसते. नियम आहे. सगळ्यांनी उभं राहायचं. खेळून बघणंही बंद झालंय. जुनी डिस्क मशीनमध्ये घालतात, ती घासून निघते. मग ताई काय करते? तर दारात उभी राहून स्वागत.

संकल्प: जाऊन भेटणे.

१५ एप्रिल

गेलो. आधी समोरच्या खांबामागे थांबलो. कंपनीचा पिवळा टी-शर्ट, आत तोच स्वेटर, बाह्या बाहेर आलेल्या. चष्मा एकच. दुसरा ठेवायला बहुतेक परवानगी नसावी. उजवा पाय बुटातून काढून डाव्या पायावर टेकवलेला. थोड्या वेळाने पाय बदलायची.

आत शिरलो. तिने बघितलं. पलीकडे मॅनेजर उभा होता, तिच्या निम्म्या वयाचा.

"नमस्कार, स्वागत आहे. आज काय शोधताय?"

मी म्हणालो, काही नाही, नुसतं बघतोय.

"जरूर बघा."

जन्मात कधी तिने मला अहो-जाहो केलं नव्हतं. टोमणा असता तरी चाललं असतं. टोमणा नव्हता, तिथला नियमच तसा आहे. सगळी कपाटं फिरलो, एकही खोकं नीट दिसलं नाही, आणि मागच्या दाराने बाहेर पडलो. शरम वाटली. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

१९ एप्रिल

रोज फोन लावत होतो, आज मॅडम मिळाल्या. म्हटलं, ॲडव्हायझर या नात्याने माझी सूचना आहे, त्या दुकानात एक खुर्ची ठेवावी. मॅडमनी नीट ऐकून घेतलं. बाई चांगली आहे. म्हणाल्या, आता नियम झाला, एका दुकानासाठी मोडता येणार नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी मावशींचंच मागाल असं आम्ही धरून चाललो होतो. करारात एक ओळ रिकामी ठेवली होती त्यासाठी. त्या ओळीत मग तुमचं पद घातलं."

मी म्हणालो, छान.

२४ एप्रिल

घडीचं स्टूल घेतलं. हलकं, हातात धरून नेता येतं. म्हटलं, कंपनीची खुर्ची नाही ना, मग नियम कसा लागेल?

मॅनेजर नम्रपणे नाही म्हणाला. मी कार्ड पुढे केलं. त्याने ते वाचलं, उलटून मागची बाजूही बघितली, परत दिलं. ताई आत कुणाचं तरी स्वागत करत होती. तिने बघितलं की नाही कळलं नाही.

म्हटलं, तिची सुटी होईपर्यंत थांबू, घरी जाताना देऊ. मॉलच्या बोळात स्टूल काखेत धरून उभा राहिलो. काय बोलायचं ते मनात जुळवलं. चांगलं जुळलं होतं. आधी माफी, मग खुर्ची, मग नळ. पाय दुखायला लागले तसं स्टूल उघडलं आणि टेकलो.

शटर अर्धं खाली आलं. ताई वाकून बाहेर आली, पिशवी घेऊन. समोर येऊन थांबली. मी तोंड उघडलं.

"ऊठ," ती म्हणाली.

उठलो. ती बसली. बूट काढले, पाय लांब केले, डोळे मिटले. जुळवलेलं सगळं विसरलो होतो. तिने डोळे न उघडताच विचारलं, खड्डा जमतोय का आता. मी म्हटलं, पहिला जमतो, दुसऱ्यात पडतो.

स्टूल एकच आणलं होतं, म्हणून मी शेजारी उभा राहिलो.